जाऊन राहिला

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, भरदुपारी बाहेरच्या खोलीत दोन गाद्या घातल्या. उशा ठेवल्या, चादरी ताणल्या, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या ठेवला. आईनं तिला स्वयंपाकघरातून सांगितलं होतं, "सूनबाई, वर्ध्याचे मामाजी अन् काका येऊन राहिले." सुनंदा सांगलीची. तिनं सरळ अर्थ लावला: आले आणि राहिले. म्हणजे मुक्कामाला. प्रत्यक्षात ते दोघं अजून बसमध्ये होते आणि जेवून संध्याकाळच्या बसनं परत जाणार होते. मामाजी घरात शिरले, गादीकडे पाहिलं आणि म्हणाले, "काहून वं सूनबाई, मले बिमार समजून राहिली का?"

नागपूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा करतो. आमच्याकडे 'जाऊन राहिला' म्हणजे 'जात आहे'. 'जेवून राहिला' म्हणजे घास तोंडात आहे. राहण्याचा त्यात काही संबंध नाही. हा खुलासा लक्षात ठेवावा, कारण माझ्या नोकरीतली सगळ्यात अवघड सकाळ या एका शब्दावर अडली होती.

मी इथल्या एका महाविद्यालयात गणित शिकवतो. संभाव्यता हा माझा विषय. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत. संशोधन ज्यात केलं त्याचं मराठी नाव 'यादृच्छिक परिस्थितीतील यादृच्छिक चालींचं दीर्घकालीन वर्तन'. हे नाव मी नातेवाइकांसमोर एकदाच उच्चारलं. चुलत भावानं विचारलं, "हे सरकार करायला लावते का तू स्वतःहून करून राहिला?" शेजारचे एक गृहस्थ शेअर बाजारात रमलेले. त्यांना कुणीतरी सांगितलं की हे गणित बाजाराचंच आहे. ते रोज सकाळी फाटकाशी उभे राहायचे. मी प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्या गणितातला माणूस पुढच्या पावलाला कुठे जाईल हे मलाही ठाऊक नसतं, तो शेवटी कुठे जाईल एवढंच मी सांगू शकतो, आणि शेवट म्हणजे अनंत काळ. त्यांनी फाटक सोडलं. पुढे सुनंदाला म्हणाले, "सर हुशार आहेत, पण कामाचे नाहीत."

तर हे बिनकामाचं काम काय आहे ते सांगतो.

नागपूरहून कामठीकडे जाणारा सरळ रस्ता डोळ्यांसमोर आणा. एक माणूस त्यावर उभा आहे. दर चौकात तो नाणं उडवतो. छापा पडला तर एक चौक पुढे, कामठीच्या बाजूला. काटा पडला तर एक चौक मागे. ही साधी यादृच्छिक चाल. तिचा हिशेब जुना आहे आणि पाठ्यपुस्तकात मिळतो.

आता एक बदल करा. नाणं माणसाच्या खिशातून काढून घ्या आणि प्रत्येक चौकातल्या पानठेल्यावर एकेक नाणं ठेवा. प्रत्येक नाणं आपापल्या परीनं वाकडं. जरीपटक्याच्या चौकातलं बहुतेक वेळा पुढे ढकलतं, त्याच्या पुढच्या चौकातलं मागे. कुठलं नाणं किती वाकडं, हे सुरुवातीला एकदाच चिठ्ठ्या टाकून ठरलं. त्यानंतर ते बदलत नाही. माणूस शंभर वेळा त्या चौकात आला तरी तेच नाणं. यालाच आम्ही यादृच्छिक परिस्थिती म्हणतो. वर्गात मी याला वाकड्या नाण्यांचा रस्ता म्हणतो.

फरक किरकोळ वाटतो. तो किरकोळ नाही. समजा पुढे ढकलणारी आणि मागे ढकलणारी नाणी एकूण सारख्याच जोराची आहेत. साधा वाटसरू दहा लाख पावलांनंतर निघाल्या ठिकाणापासून हजारेक चौक लांब असतो. वाकड्या नाण्यांचा वाटसरू दोनशेच्या आसपास. पावलं लाख कोटी केली, तर पहिला दहा लाख चौक लांब गेलेला असतो आणि दुसऱ्यानं आठशेसुद्धा ओलांडलेले नसतात. आकडे ढोबळ आहेत, जाणकारांनी स्थिरांकावरून पत्र पाठवू नये. कारण साधं आहे. कुठेतरी असा पट्टा येतोच, जिथे अलीकडची नाणी पुढे ढकलतात आणि पलीकडची मागे. माणूस मधल्या खळग्यात सापडतो. चालत असतो, थांबत नाही, पण तिथल्या तिथे.

एकदा मी संगणकावर असा वाटसरू सोडला. दोन दिवस पडद्यावर तेच ते चौक दिसत राहिले. प्रोग्राम अडकला असं समजून मी तो बंद केला आणि चूक शोधायला बसलो. चूक नव्हती. प्रोग्राम नीट चालला होता, वाटसरू अडकला होता.

मेघा माझ्याकडे पीएच.डी.साठी आली तेव्हा मी तिला हाच किस्सा सांगितला. तिनं विचारलं, "मग तुम्ही त्याले बंद काहून केलं सर? निघाला असता ना तो."

मी म्हटलं, "कधी?"

"ते मी सांगते," ती म्हणाली.

इथून तिचा प्रबंध सुरू झाला.

मेघा कामठीची. वडिलांचे चार पॉवरलूम, घराच्या मागच्या शेडमध्ये. ती कामठीहून शेअर ऑटोनं यायची आणि ऑटो भरल्याशिवाय निघत नाही हे तिचं उशिराचं कायमचं कारण असायचं. ते खरंही असायचं. सकाळी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन, आणि सुट्टी लागली की तेही बंद. दुपारी माझ्याकडे. समजण्यात तिची अडचण नव्हती, लिहिण्यात होती. "मले दिसून राहिलं सर, पण इंग्रजीत येऊन नाही राहिलं," असं म्हणून ती फळ्याकडे जायची आणि दोन बाण काढून जे दाखवायचं ते दाखवायची. मग ते दोन बाण दोन पानांत बसवायला आम्हाला महिना लागायचा.

तिचा प्रश्न असा होता. समजा रस्त्यावरची नाणी एकूण हिशेबात पुढे ढकलणारी आहेत, पण मधूनमधून उलट्या नाण्यांची रांग लागते. अशा रस्त्यावर वाटसरू शेवटी पुढेच जातो, कितीही लांबचा चौक सांगा, तो ओलांडून जातोच. हे सिद्ध झालेलं आहे. पण उलटी नाणी पुरेशी जोरकस असतील तर त्याचा सरासरी वेग शून्य निघतो. पुढे जाणार हे नक्की, आणि वेग शून्य, दोन्ही एकाच वेळी खरं. या माणसाचा वेळ जातो कुठे, हे मेघाला सांगायचं होतं. तिचं उत्तर असं, की जवळजवळ सगळा वेळ आतापर्यंत लागलेल्या मोजक्याच खोल खळग्यांत जातो. बाकीचा रस्ता तो पटकन उरकतो.

आणखी एक गोष्ट तिला पहिल्यापासून कळत होती, जी मला शिकायला वर्षं लागली. या विषयात दोन प्रकारचे हिशेब असतात. एक, सगळ्या संभाव्य रस्त्यांची सरासरी. दुसरा, चिठ्ठी टाकून जो एक रस्ता तुमच्या वाट्याला आला त्याचा. इंग्रजीत त्यांना लोहाराच्या भट्टीतले शब्द आहेत, 'ॲनील्ड' आणि 'क्वेंच्ड'. मेघा पहिल्याला 'सरासरीचं गाव' म्हणायची आणि दुसऱ्याला 'आपलं गाव'. सरासरीच्या गावातलं प्रमेय तुलनेनं सोपं. "पण सरासरीच्या गावात राहते कोण, सर?" असं म्हणून ती अवघड हिशेब घ्यायची.

तिचे वडील एकदा मला भेटायला विभागात आले. हातात टोपी, कपड्यावर सुताचे तंतू. पाच मिनिटं माझं वाकड्या नाण्यांचं पुराण ऐकलं.

"सर, आमचा धोटाही दिवसभर जाते-येते," ते म्हणाले. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा. "पण सांजच्याला कापड निघते. तुमच्या ह्या माणसापासून काय निघते?"

"बाबा," मेघा म्हणाली.

"इचारू दे वं. सहा वर्सं झाले, हे पुस्तक होऊनच राहिलं."

मी म्हटलं, "निघेल. थोडं लांबीला जास्त आहे."

"अर्ज बी कमी नसेल," ते म्हणाले. अर्ज म्हणजे कापडाची रुंदी. त्यांना माझी थट्टा करायची होती आणि ती त्यांनी केली.

प्रबंध विद्यापीठात गेला. त्याच सुमारास भंडाऱ्याच्या पुढे एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात गणिताची एक कायम जागा निघाली. आमच्या भागात गणिताची कायम जागा निघणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कुणी तासिका तत्त्वावर शिकवतं त्यांना सांगायला नको. मुलाखतीला पीएच.डी. मिळाल्याची विद्यापीठाची अधिसूचना हातात हवी होती. मौखिक परीक्षा, ज्याला आम्ही सगळे व्हायवा म्हणतो, मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात ठरली. परीक्षकांनी एखादी मोठी शंका काढून प्रबंध दुरुस्तीला परत पाठवला असता, तर जागा गेली असती. पुढची कधी निघेल हे माझ्या गणितात बसत नव्हतं.

व्हायवाच्या आदल्या दिवशी मेघा घरी आली. सुनंदानं तिला तर्रीपोहे खाऊ घातले आणि ती घाबरली आहे हे पाहून गाद्यांची गोष्ट सांगितली. ही गोष्ट सुनंदा स्वतःवरच हसत सांगते आणि मामाजींच्या आवाजात संपवते. मेघा हसून हसून लाल झाली. "पण मॅडम, येऊन राहिले म्हणजे येऊनच राहिले ना," एवढंच तिला म्हणता येत होतं. गोष्टीतली गंमत तिला कळली होती, पण त्यात चूक कुठे आहे हे खऱ्या अर्थानं कळलं नव्हतं. आमच्या कानाला तो शब्द ऐकूच येत नाही.

बाहेरचे परीक्षक पुण्याहून आले होते. वयानं आणि ज्ञानानं मोठे, बोलायला मृदू, आणि प्रबंधाचं प्रत्येक पान वाचून आलेले. समोर विभागातले सगळे, मागच्या रांगेत मेघाचे आईवडील. व्हायवाचा एक दंडक आहे: मार्गदर्शकानं समोर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. उत्तरं विद्यार्थ्याची असली पाहिजेत. हा दंडक मला मान्य आहे. त्या दिवशीही होता.

मेघानं इंग्रजीत सुरुवात केली. दहा मिनिटांत अडखळायला लागली. परीक्षकांच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "अहो, मराठीत बोला की. इथे सगळे आपलेच आहेत. मोकळेपणानं सांगा."

चांगल्या मनानं म्हणाले. मेघाचा चेहरा खुलला आणि ती मोकळेपणानं सांगू लागली, म्हणजे कामठीच्या बोलीत.

परीक्षकांनी विचारलं, "बरं, काळ अनंताकडे गेला की या वाटसरूचं काय होतं?"

"तो उजवीकडे जाऊन राहिला सर."

परीक्षकांनी प्रबंधाचं पान उलटलं. "राहिला?"

"हो सर. जाऊन राहिला."

"पण तुमच्या पहिल्या प्रमेयात तो अनंताकडे जातो."

"हो ना सर. तेच सांगून राहिली मी. जाऊन राहिला."

"मग राहिला कुठे?"

"कुठं राहिला नाही सर. जाऊन राहिला."

परीक्षकांनी चष्मा काढला. त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. "हे पाहा, घाई करू नका. एक तर तो जातो, नाही तर तो राहतो. या विषयात याच्याइतका मूलभूत फरक दुसरा नाही. यातच गोंधळ असेल तर मला प्रबंध पुन्हा तपासावा लागेल." त्यांनी समासात काहीतरी लिहिलं.

खोलीत बाकी कुणालाच काही कळलं नाही. विभागप्रमुख सावनेरचे, म्हणजे तेही आमच्याच बोलीतले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पुण्याच्या सरांना प्रबंधात खरंच भोक सापडलं होतं. खोलीत एकट्या मला ठाऊक होतं काय घडतंय, कारण एकट्या माझ्या घरात सांगलीची बायको होती. मी अर्धा उठलो. "सर, एक सांगू का..."

परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी हात वर केला. "मार्गदर्शकांनी कृपया बसावं."

मी बसलो. मागून मेघाच्या वडिलांचा आवाज आला, "काय होऊन राहिलं?" आणि तिच्या आईचा, "चूप राहा जी."

परीक्षकांनी पुन्हा विचारलं, अगदी सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. "तुमचा वाटसरू पुढे गेला आणि तिथे त्यानं मुक्काम केला, असंच ना तुमचं म्हणणं?"

मुक्काम हा शब्द मेघाच्या कानावर पडला आणि तिचा हात तोंडावर गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं. "सर," ती म्हणाली, "मॅडमच्या गाद्या."

अध्यक्षांनी विचारलं, "कुणाच्या?"

ती परीक्षकांकडे वळली. "सर, मी कामठीची आहे. आमच्याकडे 'जाऊन राहिला' म्हणजे 'जात आहे'. मुक्काम नाही. अजून चालून राहिला तो."

परीक्षकांनी कपाळावर हात मारला आणि सगळी खोली हसली. मेघाच्या वडिलांना कारण कळलं नाही, तेही हसले. मला वाटलं, सुटलो.

पण मेघा हसत नव्हती. ती फळ्याकडे गेली, एक लांब आडवी रेघ काढली आणि तिच्यावर चार-पाच जागी खडू रगडून जाड ठिपके केले.

"पण सर, तुम्ही समजले तेही खोटं नाही," ती म्हणाली. "दुरून पाहा, तर तो जाऊन राहिला, आमच्या अर्थानं. घड्याळ लावून पाहा, तर जाऊन राहिला, तुमच्या अर्थानं. ह्या ठिपक्यांत त्याचा मुक्कामच आहे. सगळा वेळ इथंच जाते. वेग शून्य येते ते त्याच्यानं. तिसरं प्रमेय हेच सांगते सर, इंग्रजीत मले एवढं सोपं नाही लिहिता आलं."

परीक्षक आता पुढे वाकून बसले होते. त्यांनी खरा प्रश्न विचारला, तो ज्यासाठी ते पुण्याहून आले होते. "प्रत्येक वेळी मुक्काम करतो, तर निघतोच हे कशावरून? आणि सरासरी घेऊन सांगू नका. जो रस्ता वाट्याला आला त्याच रस्त्यावर."

"आपल्या गावात," मेघा म्हणाली.

"काय?"

"काही नाही सर." आणि तिनं फळ्यावर मांडायला घेतलं. उलट्या नाण्यांची रांग कितीही लांब असो, तिला शेवट असतो. शेवट असला की ती ओलांडायची शक्यता शून्य नसते. शून्य नसली आणि तो प्रयत्न सोडत नसला, की एक दिवस ओलांडतो. असा एकही खळगा नाही की जो सुटत नाही. "फक्त एक आहे सर, पुढं कधीतरी ह्याच्याहून खोल लागते. तोही सुटते. पण वेळ ह्याच्याहून जास्त घेते."

परीक्षकांनी समासात लिहिलेलं खोडलं. मला ते बसल्या जागेवरून दिसलं.

निकाल जाहीर झाल्यावर मेघाच्या वडिलांनी पिशवीतून आपल्या मागावरचं कापड काढलं, कोरं, घडी न मोडलेलं, आणि शाल म्हणून परीक्षकांच्या आणि माझ्या खांद्यावर घातलं. परीक्षकांनी संत्र्याची बर्फी खाता खाता विचारलं, "तुमच्या मुलीनं काय काम केलंय, कळलं का तुम्हाला?"

"नाही जी," ते म्हणाले. "पण कापड निघालं, एवढं दिसून राहिलं."

गोष्ट इथे संपवली असती तर लेख नीटस झाला असता. पण हिशेब पुरा करायला हवा.

अधिसूचना वेळेत आली. मुलाखत झाली. मेघाची निवड झाली. आणि मग सरकारी मान्यता अडकली. कधी भरतीवर बंदी, कधी कुणीतरी न्यायालयात गेलं, कधी आरक्षणाची बिंदुनामावली पुन्हा तपासायला पाठवली. निवड रद्द झाली नव्हती, नेमणूकही होत नव्हती. मेघा तासिका तत्त्वावर शिकवत राहिली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि जून आला की ती विचारायची, "सर, काही ऐकू येऊन राहिलं का?" मी ओळखीच्या लोकांना फोन करायचो. ते सांगायचे, होऊन राहिलं. मी मनाशी म्हणायचो, सरासरीच्या गावात एवढ्या वेळात झालंही असेल. आयुष्यभर ज्याच्यावर प्रमेयं लिहिली त्या खळग्याची खोली मला बाहेरून मोजता येत नव्हती, याचं दुःख मला प्रमेयं न सुटण्याच्या दुःखापेक्षा जास्त झालं.

यंदा श्रावणात एका सकाळी तिचा फोन आला. मागे बसचा आवाज, आणि कंडक्टर भंडारा, भंडारा असं ओरडत होता.

"सर, ऑर्डर आली. बाबा सोबत आहेत. भांडे, गाद्या, सगळं घेतलं. मी जाऊन राहिली सर."

मी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा सुनंदा दारात उभी होती. इतकी वर्षं नागपुरात काढूनही तिनं सांगलीची भाषा सोडलेली नाही, मला अजून 'अहो'च म्हणते.

"कोण होतं?"

"मेघा," मी म्हटलं. "जाऊन राहिली."

तिनं डोळ्याला पदर लावला.

"जाऊन राहू द्या जी आता," ती म्हणाली.